एलईडी वॉलवर बोटी पुसट दिसत होत्या, त्यावरचा उपाय

मत्स्य गस्त कक्षातली वॉल 4.8 × 2.7 मीटर, पिच (दोन पिक्सेलमधलं अंतर) 2.5 मिमी, म्हणजे 1920 × 1080 पिक्सेल. संगणक मात्र 4के (3840 × 2160 पिक्सेल) सिग्नल पाठवत होता. वॉलचा प्रोसेसर तो निम्मा करतो, त्यात एआयएसचे (बोटी रेडिओवरून आपली जागा कळवतात ती यंत्रणा) बारीक ठिपके आणि 12 सागरी मैलांची हद्दीची रेषा विरून जाते. ट्रॉलर हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे दिसलंच पाहिजे! ग्राफिक्स कार्डाचं आउटपुट 1920 × 1080 केलं, स्केलिंग (चित्र लहान-मोठं करणं) बंद केलं, बोटीचं चिन्ह 8 पिक्सेल आणि रेषा 3 पिक्सेल ठेवली. आता लांबूनही स्पष्ट दिसतं. (एआयएस बंद ठेवलेली बोट यातही सापडत नाही, तिथे ड्रोन किंवा रडारच हवं.)

खालच्या रांगेत आडव्या पट्ट्या लुकलुकत होत्या, त्या खाऱ्या दमट हवेमुळे. 16 पिनांच्या फ्लॅट केबलच्या टोकावर हिरवट थर साचला होता. वीज बंद करून केबल शेजारच्या मॉड्यूलच्या (वॉल ज्या छोट्या पॅनेलांची बनते, त्यातल्या एकाच्या) केबलशी बदलून पाहा: दोष सोबत सरकला तर केबल खराब, जागीच राहिला तर मॉड्यूल किंवा कनेक्टर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना पुसून पूर्ण सुकू द्या.

1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत वॉल बंद ठेवू नका. दमट हवेसाठी तोच सगळ्यात वाईट काळ. रोज काही तास चालवा. बराच काळ बंद असेल तर सुरुवात 20 टक्के ब्राइटनेसने करा.