महागडी ईव्ही बाहेर लावताना

तुळजापूरला दर्शनाला जा, वेरूळची लेणी बघायला जा, नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत खरेदीला. पंचवीस-तीस लाखांची इलेक्ट्रिक गाडी बाहेर उभी असली की जीव तिच्यातच अडकलेला असतो. धास्ती चोरीची असते, पण नुकसान बहुतेक वेळा होतं ते ओरखडे, धूळ आणि उन्हामुळे.

प्रवेशद्वाराजवळची जागा सोडा, तिथे गाड्यांची सतत ये-जा असते. जरा लांब चालावं लागलं तरी रांगेच्या टोकाची, एका अंगाला भिंत असलेली जागा धरा. गाडी भिंतीकडे सरकवून दुसऱ्या बाजूला दोन-अडीच फूट मोकळे ठेवा आणि आरसे मिटवा. मोटारसायकलींच्या रांगेला खेटून लावू नका, त्यांची हँडलं नेमकी आपल्या दाराला लागतात. उसाचं गाळप चालू असताना रस्त्याच्या कडेला तर लावूच नका. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, वळताना मागची ट्रॉली आत कापते आणि बाहेर आलेली उसाची टोकं गाडीला घासत जातात. वेरूळला वानरं असतात, तेव्हा खाण्याची पिशवी काचेतून दिसेल अशी ठेवू नका.

पार्किंगमधली पोरं कोरडं फडकं घेऊन गाडी पुसायला येतात. त्यांना आधीच नको म्हणून सांगा. धुळीत बारीक खडे असतात आणि फडक्याखाली ते रंगावर घासले जातात. काळ्या गाडीवर मग उन्हात गोल गोल रेघा दिसतात. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं तरी तेच होतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर बॅटरी शंभर टक्के भरून लावू नका. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की बॅटरीचं आयुष्य लवकर घटतं. ५० ते ७० टक्के बरं. मात्र परतीला पुरेल एवढं चार्जिंग हवंच.

त्यात कॅमेऱ्यांची पहारा सुविधा (उभ्या गाडीभोवती लक्ष ठेवणारी) चालू ठेवली तर गाडीचा संगणक झोपत नाही, त्यामुळे आठ तासांत पाच-दहा टक्के जाऊ शकतात. गर्दीत चालू ठेवा, घरच्या अंगणात बंद. बाहेरून बसवलेला डॅशकॅम (पुढच्या काचेजवळचा रेकॉर्डिंग कॅमेरा) १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतो, म्हणून व्होल्टेज उतरलं की आपोआप बंद होणारी वायरिंग किटच घ्या. छोटी बॅटरी बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

टोइंगवाल्यांसाठी काचेआड मोबाइल नंबर आणि ‘फक्त फ्लॅटबेडवर न्या’ अशी चिठ्ठी ठेवा. फ्लॅटबेड म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरत ओढली गेली तर मोटर वीज तयार करते आणि आतली यंत्रणा जळू शकते.

गाडी लावून निघताना चारही बाजूंचे आणि रिम्सचे फोटो काढा, पार्किंगची पावती जपून ठेवा. विम्यात झिरो डेप्रिसिएशन (भाग बदलताना घसारा न कापणारं कलम) आणि बॅटरीचं संरक्षण आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या. कुणी ठोकून गेलं तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा, आजूबाजूच्या दुकानांच्या सीसीटीव्हीची चौकशी करा आणि दुरुस्तीला टाकण्याआधी विमा कंपनीला कळवा.