जुना फोन संशोधनाला देताय? खान्देशच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

पडून असलेल्या अँड्रॉइड फोनवर 'बॉइंक' हे ॲप टाकून रात्रभर संशोधकांसाठी आकडेमोड करता येते. बॉइंकवर चालणाऱ्या 'आइन्स्टाइन ॲट होम' या संशोधन प्रकल्पाला २०१० मध्ये एक नवा पल्सार, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक ठोक्यांनी रेडिओ लहरी सोडणारा तारा, सापडला, तोही लोकांच्या घरच्या संगणकांवर. आयफोनवर मात्र बॉइंक चालत नाही.

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात हमखास येणारी तक्रार म्हणजे 'काम सुरूच होत नाही'. ॲपमध्ये दोष नसतो. बॅटरी ४० अंशांच्या वर तापली की काम थांबवायचं, अशी मर्यादा बॉइंकमध्ये मुळातच असते. मे महिन्यात दुपारी बाहेरची हवाच ४४-४५ अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. मग बॅटरी चाळिशीच्या खाली येणार कुठून?

इथेच सगळ्यात महाग पडणारी चूक होते: सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा ५० करणे. भरलेली बॅटरी सतत तापत राहिली की लवकर खराब होते, फुगते. मर्यादेला हात लावू नका, वेळ बदला. एप्रिल-मे मध्ये दिवसा फोन बंदच ठेवा. रात्री खोली निवली की चार्जरला लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा खरा हंगाम, तेव्हा दिवसाही बिनधास्त चालवा.

फोनचं कव्हर काढा. गादीवर, उशीखाली ठेवू नका; शहाबादी फरशीवर उघडा ठेवला तर उष्णता फरशीत उतरते. कूलरच्या तोंडाशी ठेवला तर तुषार आत जातात. फ्रिजमध्ये तर नकोच, बाहेर काढताच फोनला पाणी सुटतं. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल तर तो फोन या कामातून कायमचा काढा.

फोनच्या प्रोसेसरचे आठही कोर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग) एकदम लावणं ही पुढची चूक. दोनपासून सुरुवात करा, तासाभराने बॅटरीचं तापमान बघा, ३८ च्या आत असेल तरच एकेक वाढवा.

काम चालू-बंद होत राहत असेल तर चार्जर तपासा. बॅटरी ९० टक्क्यांच्या खाली गेली की बॉइंक थांबतं. लॅपटॉपच्या यूएसबीवर लावलेल्या फोनला आकडेमोडीपुरतीसुद्धा वीज मिळत नाही, मग बॅटरी ८९-९० वर घुटमळत राहते. फोनसोबत आलेला चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा.

स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांत काम थांबतं? मग फोनच ॲपला झोपवतोय. सेटिंग्ज, ॲप्स, बॉइंक, बॅटरी असं जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं सुरू करावं लागतं, आणि ते विसरलं जातं.

उत्साहात चार-पाच प्रकल्प जोडू नका. प्रत्येक जण काम पाठवतो, प्रत्येकाची मुदत असते. आइन्स्टाइनची साधारण १४ दिवस. लोडशेडिंगमुळे फोनला रोज पाच-सहा तासच मिळत असतील तर एकच प्रकल्प पुरे, आणि त्याच्या संकेतस्थळावर आगाऊ मागवायच्या कामाचा साठा अर्ध्या दिवसाइतकाच ठेवा. जोडण्याआधी प्रकल्पाकडे अँड्रॉइडसाठी काम आहे ना, हेही बघा. नसेल तर फोन नुसताच वाट बघत बसतो.

पूर्ण झालेल्या कामापुढे 'पेंडिंग' दिसलं तर घाबरून ॲप काढू नका. तेच काम दुसऱ्याच्याही यंत्रावर गेलेलं असतं. दोघांची उत्तरं जुळली की ते मान्य होतं. दुसऱ्याचं उत्तर यायला कधी आठवडाही लागतो.