पावसाळ्यापूर्वी विलोच्या बॅटची निगा

बेळगाव-खानापूरकडे मृगाचा पाऊस सुरू झाला की ओल कपाटापर्यंत पोहोचते, म्हणून विलोच्या लाकडाची क्रिकेटची बॅट आवरून ठेवण्यापूर्वी तिच्या पात्याला समोरून, कडांना आणि टोकाला कच्च्या जवसतेलाचा अगदी पातळ हात देऊन ती 24 तास आडवी ठेवावी. मूठ पात्यात जिथे बसवलेली असते त्या सांध्याला मात्र तेल मुळीच लागू देऊ नये, कारण त्याने तेथील सरस सैल पडतो. 1771 मध्ये इंग्लंडात थॉमस व्हाइट हा क्रिकेटपटू यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला, तेव्हापासून पात्याची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. एवढ्याशा लाकडावर सारा खेळ पेलायचा असतो. भिजलेली बॅट चुलीजवळ वाळवू नये, ती तडकते.