पिल्ले मोकळी सोडण्यापूर्वी: घार, शिक्रा आणि परसातल्या कोंबड्या

परसातल्या गावरान कोंबड्यांची पिल्ले मोकळी सोडायची तर सर्वांत आधी महिना पाहावा. घारीची वीण साधारणपणे थंडीच्या मध्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते आणि घरट्यात पिल्ले असताना तिच्या अंगणावरच्या घिरट्या वाढतात. त्यापाठोपाठ, ऐन उन्हाळ्यात, शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याची वीण येते. म्हणून खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची असो किंवा वनराज, गिरिराज या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले आणायची असोत, ते दिवाळीच्या सुमारास करावे, म्हणजे धोका वाढेपर्यंत पिल्ले दोन-अडीच महिन्यांची होतात आणि घारीला सहज उचलता येत नाहीत.

त्यानंतर गेल्या खेपेचे नुकसान कोणी केले, हे नीट आठवावे. घार आणि शिक्रा दिवसा शिकार करतात; रात्रीतून पिल्ले गायब झाली असतील, खुराड्याच्या कडेला उकरलेले असेल, तर घूस, रानमांजर किंवा भटके कुत्रे यांचा संशय आधी घ्यावा. घारीने नेलेल्या पिल्लाचा बहुधा मागमूस उरत नाही. शिक्रा भक्ष्य खाण्याआधी पिसे उपटतो, त्यामुळे जवळच्या फांदीखाली पिसांचा पुंजका सापडतो. दिवसा येणाऱ्या मुंगसाकडेही दुर्लक्ष करू नये. चोर कोण हे न पाहताच आभाळाकडे बोट दाखवले जाते, आणि सरडे व उंदीर खाऊन आपलेच काम हलके करणारा पक्षी बदनाम होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खरी मेहनत आडोशावर घ्यावी. पहिले तीन-चार आठवडे पिल्ले उबेत, डालग्याखाली किंवा बंद खोलीतच असावीत. त्यापुढे दीड-दोन महिन्यांपर्यंत त्यांना बारीक जाळीने वरूनही झाकलेल्या आवारात फिरू द्यावे. मोकळ्या अंगणात दोडक्याचा किंवा कारल्याचा बुटका मांडव, तुरीची एखादी ओळ, करवंदीची जाळी, बांबूच्या कामट्यांचे गुडघाभर उंचीचे माच असे आसरे इतके जवळ जवळ करावेत की कोंबडीने धोक्याची हाक देताच पिल्लू चार उड्यांत आत शिरेल. ब्रिटनमध्ये शिकारीसाठी दरवर्षी फेझंट हे कोंबडीच्या कुळातले कोट्यवधी पक्षी वाढवून रानात सोडतात, आणि तिथेही बझर्ड या शिकारी पक्ष्याबद्दल पाळणाऱ्यांची हीच तक्रार असते. तिथल्या अभ्यासात बझर्डने नेलेल्या पिल्लांचे प्रमाण एकूण थोडेच निघाले, आणि ज्या आवारांत झुडपे कमी होती तिथे ते जास्त दिसले. आपल्याकडची आई-कोंबडी आणि एक सावध कोंबडा यांची राखण ही त्यावर जादा जमेची बाजू आहे. पिल्ले आईविना वाढवणाऱ्याने आडोसा दुप्पट करावा.

वरची जाळी ताठ ताणलेली आणि लांबून दिसेल अशी असावी. मासेमारीची जुनी, बारीक धाग्याची जाळी सैल टांगू नये. तिच्यात शिक्रा किंवा रात्री घुबड अडकते आणि सुटण्याच्या धडपडीत पंख मोडून घेते. जाळी नसेल तर जुन्या साड्या ताणल्या तरी चालतात, मात्र वाऱ्याने त्या खाली लोंबत नाहीत ना, हे रोज पाहावे.

मेलेले पिल्लू, कोंबडीची आतडी, फुटकी अंडी उकिरड्यावर टाकू नयेत, खोल पुरावीत. घारीला अंगणाची सवय लागते ती तिथूनच. विषारी आमिष तर कोणत्याही कारणाने ठेवू नये. ते खाणारा प्राणी मेला की त्याच्यावर उतरणारी गिधाडेही मरतात, आणि डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे आधीच विरळ झालेल्या गिधाडांसाठी 2006 मध्ये जनावरांच्या उपचारांत त्या औषधावर बंदी घालावी लागली होती. शिवाय घार आणि शिक्रा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने गलोल, फासा, घरटे पाडणे हे सगळे गुन्हे ठरतात. घरट्याचे झाड तोडायचेच असेल, तर परवानगीचा प्रश्न वेगळा आहेच, पण निदान पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे.

शेवटी, खुराड्याजवळ एक जाड फडके, भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके आणि वनविभागाचा 1926 हा क्रमांक लिहून ठेवावा. जाळीत पक्षी अडकल्यास आधी त्याचे डोके फडक्याने झाकावे, नख्यांपासून हात जपत धागे कापावेत आणि त्याला खोक्यात अंधारात ठेवून फोन करावा. पाणी किंवा मांस भरवण्याचा प्रयत्न करू नये.