गल्फमध्ये हवाई हल्ला होणार का, हे आधी कसं ओळखायचं

गोव्यात कुणाचा भाऊ कतारला, कुणाचा नवरा तारवटी (बोटीवर कामाला), म्हणून लिहितोय. फायटर शोधत बसू नका, ती बहुतेक ट्रॅकरवर दिसतच नाहीत. एडीएस-बी एक्सचेंजवर (उडती विमानं नकाशावर दाखवणारी वेबसाइट) केसी-१३५ आणि केसी-४६ बघा, अमेरिकेचे हवेत इंधन भरणारे टँकर, त्यांच्याशिवाय लांबचा हल्ला जमत नाही, जून २०२५ मध्ये असे ३०च्या आसपास अटलांटिक ओलांडून आले आणि आठवड्याभरात अमेरिकेचे बॉम्ब इराणवर पडले. मग नोटॅम, म्हणजे हवाई हद्द बंद वगैरे असल्याच्या वैमानिकांसाठीच्या सूचना बघा, दूतावासातली माणसं हलवतायत का बघा. एकाच खुणेवर जाऊ नका, तेव्हा काही बी-२ बॉम्बर विमानं मुद्दाम पश्चिमेला पॅसिफिककडे पाठवली होती, हल्ला करणारी खरी पूर्वेकडे गेली! दोन-तीन खुणा जुळल्या की घरच्यांना फोन करा, पासपोर्ट स्वतःकडे ठेवायला सांगा. आणि प्लीज, दाबोळीच्या नौदल तळाचे फोटो कुठेच टाकू नका.