टर्कीचं लूज-मीट सँडविच: वीस मिनिटांत, कमी तेलात

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आमच्यासारखी नवी मंडळी आली की कुणी ना कुणी त्यांना मेड-राइट सँडविच खायला घेऊन जातंच. मऊ बनमध्ये मोकळा शिजवलेला खिमा, वर कच्चा कांदा, पिवळं मस्टर्ड आणि पिकलच्या, म्हणजे आंबवलेल्या काकडीच्या, चकत्या. टोमॅटोचा सॉस अजिबात नाही. तो आला की त्याचं स्लॉपी जो होतं आणि चव पार बदलते. मस्कटीन गावच्या फ्रेड एंजेल या खाटकाने १९२६ साली मेड-राइट सुरू केलं. पश्चिमेला सू सिटीकडे गेलात तर असंच सँडविच 'टॅव्हर्न' म्हणून मागायचं.

मूळ प्रकार बीफचा. आमच्याकडे बीफ होत नाही, शिवाय ह्यांना डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितलीय, म्हणून मी टर्कीचं करते. बुधवारी लेकीचा पोहण्याचा क्लास आटपून घरी यायला सात वाजतात, तेव्हा तर हेच.

खिमा घेताना पाकीट उलटून नीट वाचा. नुसतं 'ग्राउंड टर्की' लिहिलेलं असेल तर त्यात कातडीसुद्धा दळलेली असू शकते आणि चरबी बरीच निघते. ९३ टक्के लीन असलेलं घ्या. त्यात ११२ ग्रॅममागे साधारण ८ ग्रॅम चरबी असते. ९९ टक्केवालं निव्वळ छातीच्या मांसाचं, चरबी जवळजवळ नाहीच, पण ते फार कोरडं होतं. मी ९३चंच आणते.

चौघांना एक पाकीट, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, पुरतं. बाकी एक मध्यम कांदा, पाऊण कप पाणी किंवा बिनमिठाचा चिकन स्टॉक, एक मोठा चमचा वुस्टरशर सॉस, एकेक छोटा चमचा पिवळं मस्टर्ड आणि व्हिनेगर, चिमूटभर साखर, मीठ आणि भरपूर मिरपूड.

आता खरी गोम. आपला हात सवयीने आधी कढई तापवून खिमा परतायला जातो. टर्कीला ते सोसत नाही. अंगची चरबी कमी, त्यामुळे तापलेल्या पॅनमध्ये पडल्या पडल्या तिच्या गुठळ्या धरतात आणि त्या रबरासारख्या चिवट होतात. म्हणून पॅन गार असतानाच कच्चा खिमा आणि अर्धं पाणी एकत्र करा आणि उलथन्याने किंवा पावभाजीच्या मॅशरने गुठळ्या मोडा. पाणी गढूळ, गुलाबीसर दिसेल, दिसू दे. मग मध्यम आच. तो पांढरा पडेपर्यंत मॅशर थांबवायचा नाही. शिजलेला खिमा उपम्यासारखा दिसायला हवा: दाणा न् दाणा सुटा, पण ओलसर.

आता बारीक चिरलेला अर्धा कांदा, सॉस, मस्टर्ड, व्हिनेगर, साखर, मीठ, मिरपूड आणि उरलेलं पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटं झाकून ठेवा. पॅन कलता केला की कडेला चमचाभर रस जमला पाहिजे. अगदी कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. टर्की कच्ची राहून चालत नाही; थर्मामीटर असेल तर खिमा एका बाजूला गोळा करून त्यात खुपसा, ७४ सेल्सिअस म्हणजे १६५ फॅरनहाइट दिसायला हवं.

आलं-लसूण, गरम मसाला यांचा मोह आवरा. खिमा-पाव मला प्राणप्रिय आहे, पण तो वेगळ्या दिवशी. इथे मिरपूड आणि मस्टर्डचा आंबटपणाच वर यायला हवा.

बन भाजू नका, त्यांना वाफ द्या. खिम्यावरचं झाकण काढून बन मिनिटभर तसेच वर पालथे ठेवले की झालं. मग झाऱ्याने खिमा निथळून भरा, उरलेला कच्चा कांदा, मस्टर्ड आणि पिकल घाला. चीज नको, त्याने कमी चरबीचा खटाटोप फुकट जातो. सोबत कोबीची कोशिंबीर, दह्यातली. ताटात चमचा ठेवा, खिमा सांडतोच आणि तो चमच्यानेच खायचा असतो.

उरलेला खिमा फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतो. गरम करताना दोन चमचे स्टॉक घालायला विसरू नका.