मानेतून चढणारी डोकेदुखी टॉवेलने थांबली (माझा अनुभव)

मानेतून उजवीकडे कळ निघून उजव्या डोळ्यामागे ठणका, आणि मान उजवीकडे वळेना. सोलापुरात गणवेशाच्या शिलाईवर आहे, दिवसभर मान खाली. अर्धशिशीच्या गोळ्या, नवा चष्मा, बाम, सगळं वाया, वैतागलो होतो.

फिजिओथेरपिस्टने मान पुढे वाकवून वळवली. उजवीकडे अडली, म्हणजे दोष वरच्या दोन मणक्यांत.

त्यावर शिकवलेला टॉवेलचा व्यायाम असा: ताठ बसायचं. पातळ टॉवेलचा (आपला जाड सोलापुरी नको) काठ मानेमागे, कवटीच्या लगेच खाली. डावीकडचं टोक उजव्या हाताने गालावरून आडवं पुढे ओढायचं, उजवीकडचं डाव्या हाताने छातीशी धरायचं. ओढ न सोडता मान उजवीकडे, 3 सेकंद, परत मध्ये. 2 वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुखलं की थांबायचं. चक्कर किंवा हाताला मुंग्या असतील तर हे करूच नका, आधी डॉक्टर.